पगाराची तारीख मागणारा ठाणेकर

भाताची लावणी तोंडावर आली की आपल्या ठाणे जिल्ह्यात एकच ओरड ऐकू येते, माणूस मिळत नाही. मुरबाड असो, शहापूर असो, नाहीतर कल्याण-डोंबिवलीच्या कडेची गावे असोत. तरणी पोरे एमआयडीसीत आणि भिवंडीच्या गोदामांत गेली, उरलेले मजूर रोज वाढवून मागतात, ही तक्रार खोटी नाही. पण मागे एका पावसाळ्यात चारसूत्री भात लागवडीच्या प्रात्यक्षिकासाठी एका गावी गेलो होतो, तिथे वेगळेच पाहायला मिळाले. बांधाला बांध लागून दोन शेतकरी. दोघांचा रोज सारखाच. एकाच्या खाचरात सकाळीच बारा बाया वाकलेल्या, आणि दुसऱ्याची रोपे वाफ्यातच पिवळी पडायला लागलेली. मजुरांसाठी शासनाची काही योजना आहे का, असे या दुसऱ्याने मला विचारले. असती तर मीच आधी सांगितली असती!

दुपारी बाया भाकरी सोडून बसल्या तेव्हा मी सहज चौकशी केली. पहिला शेतकरी संध्याकाळी चिखलाचे हातपाय धुवून होईपर्यंत पैसे हातावर ठेवतो. पावसाने तासभर काम थांबले तर रोजातले कापत नाही. एकीचे पोर तापाने फणफणले तेव्हा स्वतःच्या मोटारसायकलवरून प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेला. दुसराही माणूस वाईट नव्हता, तोंडाने तर जास्तच गोड. पण सुटे नाहीत म्हणून पैसे आठवडा-आठवडा ठेवायचा, आणि भावकीतल्या दोघींना गुपचूप वीस रुपये जास्त द्यायचा. ते गुपित पहिल्याच दिवशी फुटले होते, हे सांगायला नकोच.

परतताना एसटीत बसल्यावर नारायण मेघाजी लोखंडे आठवले. शाळेच्या पुस्तकात ते एका ओळीत भेटतात, रविवारच्या सुट्टीचे जनक म्हणून. पण त्यांनी मागितलेल्या पाच गोष्टींपैकी सुट्टी ही फक्त एक होती. बाकीच्या चार वाचल्या तर त्या बायांनी सांगितलेल्याच वाटतात. शिवाय हा माणूस आपल्या ठाण्याचा.

लोखंडे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, फुलमाळी समाजातले, गरीब. नारायणरावांचा जन्म ठाण्यात १८४८ साली झाला. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेच हे वर्ष. नारायण पाचेक वर्षांचा असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यात आली. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. त्याच सुमारास मुंबईत कावसजी दावर यांनी कापसाची पहिली गिरणी काढली आणि १८५६ मध्ये तिचे सूत निघू लागले. ठाण्याच्या या पोराचे सगळे आयुष्य पुढे या आगगाडी आणि गिरणी, दोन गोष्टींभोवतीच फिरले.

शिक्षण मॅट्रिकपर्यंत ठाण्यातच झाले. पुढे शिकायची ऐपत नव्हती. आधी रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली, नंतर मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअर कीपर म्हणून लागले. स्टोअर कीपर म्हणजे भांडार सांभाळणारा, मधल्या फळीतला माणूस. साहेबाच्या बाजूचा म्हणावा तर साहेब नाही, आणि कामगारांत मोडावा तर हातात वही-पेन. आमच्यासारख्या विस्तार खात्यातल्या माणसाला किंवा ग्रामसेवकाला ही जागा बरोबर कळेल. वरून दाब आणि खालून तक्रार, दोन्ही त्याच माणसाच्या डोक्यावर. पण दोन्ही बाजूंचे खरे काय ते तिथूनच दिसते. नारायणरावांना तिथून जे दिसले त्यानेच त्यांचे आयुष्य बदलले.

तेव्हाची गिरणी कशी चालायची ते थोडक्यात सांगतो. विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठे, तेरा-चौदा तास. मध्ये जेवणाची ठरलेली सुट्टी नाही, यंत्र चालू ठेवून आळीपाळीने चार घास खायचे. आठवड्याची सुट्टी नाही. सणावाराला गिरणी बंद असेल तेवढेच, आणि बंदच्या दिवशीही यंत्रांच्या साफसफाईला बोलावणे यायचे. पगार महिन्याचा, पण तो पुढच्या महिन्यात कधी हाती पडेल याचा नेम नाही. तोवर वाण्याकडे उधारी आणि उधारीवर व्याज. न सांगता काम सोडले तर अडकलेला पगार बुडाला. कापड खराब निघाले तर ते विणकराच्या गळ्यात मारून किंमत पगारातून वळती करायची. एक दिवस दांडी मारली तर दोन दिवसांचा पगार कापायचा, याला गिरणगावात पुढे डबल खाडा असे नावच पडले आणि ही रीत बरीच वर्षे चालली.

मालकांची बाजू काय होती? चौकशी समित्यांपुढे त्यांनी ती वेळोवेळी मांडली. कामगार आळशी आहेत, यंत्र सोडून आवारात विड्या ओढत बसतात, शिमगा-गणपतीला न सांगता गावी जातात, आज या गिरणीत तर उद्या त्या. यातले बरेचसे खरेही असेल. पण जेवायला सुट्टी नसलेला माणूस यंत्र सोडून आवारात जाणार नाही तर काय करणार? आणि मागाल तेव्हा रजा मिळतच नसेल तर माणूस न सांगताच जाणार, तो कोकणातला असो की घाटावरचा. गिरणीत कामाला येणारे बहुतेक आपल्यासारखेच शेतकरी होते, तुकडाभर जमीन मागे ठेवून आलेले. भात कापणीला त्यांचा जीव गावाकडे ओढणारच.

आता जॉबरबद्दल सांगायला हवे, कारण या सगळ्यातली खरी गुंतागुंत तिथे आहे. साहेब आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर असायचा, म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यात नायकीण. माणसे आणायची, कामावर घ्यायची, काढायची, सगळे त्याच्या हातात. नोकरी लावून देण्याबद्दल तो दस्तुरी घ्यायचा, आणि दर महिन्यालाही काही ना काही उकळायचा. असे असून कामगार साहेबाचे ऐकत नसत, पण जॉबरचे ऐकत. जॉबरने गिरणी बदलली तर त्याच्यामागे माणसे निघून जात. का? कारण जॉबर गावाकडचा, भाषेतला. खोलीत जागा मिळवून द्यायचा तो, अडीनडीला पैसे द्यायचा तो, घरात कोणी गेले तर दारात उभा राहायचा तोच. म्हणजे आपुलकी होती, पण तिचा हिशोब चोख वसूल केला जायचा, आणि एकाला एक, दुसऱ्याला दुसरे असा न्याय. उलट गिरणीच्या कचेरीत नियम सगळे कागदावर, पण माणसाचे तोंड पाहायला कोणी नाही. माझे मत विचाराल तर या दोन्हींच्या मध्ये जी जागा रिकामी होती ती नारायणरावांनी ओळखली. जॉबरसारखी आपुलकी, पण दस्तुरी नाही. आणि कचेरीसारखा नियम, पण तो सगळ्यांना सारखा आणि लेखी.

सत्यशोधक समाज जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापला. नारायणराव लवकरच त्यात आले आणि मुंबईत समाजाचे मोठे काम त्यांनी उभे केले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले दीनबंधू हे पत्र पैशांच्या ओढाताणीत अडचणीत आले होते. ते मुंबईत आणून १८८० पासून नारायणरावांनी चालवायला घेतले आणि मरेपर्यंत चालवले. शेतकऱ्यांची आणि गिरणी कामगारांची दुःखे त्यात छापून येऊ लागली. वाचता न येणाऱ्या माणसाला कोणी तरी वाचून दाखवायचे. आपले गाऱ्हाणे छापून आलेय हे ऐकल्यावर माणसाला काय वाटते, ते ज्याचा अर्ज सहा महिने टेबलावर पडून राहिलाय त्याला विचारा.

१८८१ मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा झाला. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी त्यासाठी आधीची काही वर्षे खटपट केली होती. पण त्यात सात वर्षांखालच्या पोरांना कामावर घ्यायचे नाही, बाराच्या आतल्यांना नऊ तासांहून जास्त राबवायचे नाही, एवढेच मुख्य होते. मोठ्या माणसांसाठी त्यात काही नव्हते. कायदा सुधारावा म्हणून १८८४ मध्ये पुन्हा चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा नारायणरावांनी वेळ साधली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला सुपारीबागेत कामगारांची सभा भरवली आणि पाच हजारांहून अधिक जणांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मुंबई गिरणी कामगार संघ, म्हणजे बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन, तो याच वर्षीचा. भारतातल्या कामगार चळवळीची सुरुवात इथून धरतात.

अर्जातल्या पाच मागण्या अशा. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर मोठी इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय.

मंडळी, यात पगारवाढ कुठे आहे? नाहीच. माझ्या मते या अर्जातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच. पोट भरत नव्हते, तरी त्या माणसांनी आधी पैसा जास्त मागितला नाही. ठरलेला पैसा ठरल्या दिवशी द्या म्हणाले. आम्ही पडलो-झडलो तर विचारपूस करा म्हणाले. रोज दहा रुपयांनी वाढवला तरी मजूर टिकत नाही, असे म्हणणाऱ्या शेतकरी बंधूंनी या यादीकडे एकदा नीट पाहावे.

एक गोष्ट इथे कबूल करतो, नाहीतर दुसऱ्याला उपदेश करणे बरे दिसणार नाही. नोकरीला लागल्यावर सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी माती नाला बांधाच्या कामावर मी देखरेखीला होतो. गावाचे नाव नको. हजेरीपत्रक वेळेवर गेले, पण पैसे यायला तीन महिने लागले. मजूर रोज विचारायचे आणि मी वरून पैसे आले की देतो असे सांगून वेळ मारून न्यायचो. खरे काय अडले आहे ते एकदाही समोर बसून सांगितले नाही. पुढच्या वर्षी त्याच गावातून निम्मी माणसे आली, आणि आली त्यांनी नुसत्या पाट्या टाकल्या. मी ओरडलो, कामचुकार म्हणालो. त्यातल्या एका म्हाताऱ्या कातकऱ्याने माझ्याकडे नुसते पाहिले, बोलला काही नाही. पैसे उशिरा येणे माझ्या हातात नव्हते. सांगणे तर होते.

असो. १८८४ च्या अर्जातून लगेच काही निघाले नाही. समितीने अहवाल दिला, तो पडून राहिला. उलट नारायणरावांवर टीका झाली. त्या काळी बऱ्याच देशी वर्तमानपत्रांना कारखान्यांचा कायदा नको होता. विलायतेतल्या लँकेशायरच्या मालकांना मुंबईच्या गिरण्या खुपतात, म्हणून ते कामगारांचा कळवळा दाखवतात, असे त्यांचे म्हणणे. लँकेशायरवाल्यांचा स्वार्थ होता हे खरेच. पण दुसऱ्याचा स्वार्थ आहे म्हणून आपल्या माणसाने उपाशीपोटी चौदा तास उभे राहावे, हा हिशोब नारायणरावांना पटला नाही. ते अर्ज, सभा आणि लिखाण करत राहिले. संप, दगडफेक त्यांच्या रीतीत नव्हती.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. १८९० साली, हजारोंच्या पुढे! आजही काही ग्रामसभांत बाया मागच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसलेल्या मी पाहतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. सभेने आठवड्याच्या सुट्टीचा अर्ज मालकांच्या संघटनेकडे धाडला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून तोच मागितला असे सांगितले जाते. मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांत मात्र देशातल्या सगळ्या रविवारच्या सुट्ट्या त्यांच्याच खात्यावर टाकतात, ते बरोबर नाही. सरकारी कचेऱ्यांना ती आधीपासून होतीच. साहेबाला होती आणि गिरणीतल्या माणसाला नव्हती, टोचत होते ते हेच.

त्याच १८९० मध्ये सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगाबरोबर काम करायला त्यांना घेतले. ज्याने बाहेरून अर्ज केले तोच आता आत बसून कामगारांच्या साक्षी ऐकत होता. १८९१ च्या कायद्यात दुपारचा अर्धा तास विसावा आणि आठवड्याची सुट्टी आली, नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी झाली आणि बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा. पगाराची तारीख आणि इजा झालेल्याचे पैसे मात्र राहिलेच. भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले आणि पगार किती दिवसांत द्यायचा हे ठरवणारा कायदा १९३६ मध्ये झाला. शेतावर आणि रस्त्याच्या कामावर राबणाऱ्यांचे तर त्याहून उशिरा. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात मजुरी पंधरा दिवसांच्या आत द्यावी असे लिहिले गेले. प्रत्यक्षात किती हजेरीपत्रके त्या मुदतीत निघाली ते ग्रामसेवक आणि रोजगार सेवक मंडळींना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

नारायणरावांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे मुंबईच्या नाभिक बांधवांनी १८९० मध्ये ठरवले, त्यामागे ते होते. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा पेटला. त्यानंतर लोकांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत मोठा मेळावा घेतला. गिरणगावात दोन्ही धर्मांची माणसे एकाच खात्यात काम करत होती, आणि दोघांनीही या माणसाचे ऐकले. सरकारने त्यांना रावबहादुर किताब दिला. असा किताब मिळाल्यावर माणूस खालच्यांपासून लांब जातो, हे आपण गावात रोज पाहतो. निवडून येईपर्यंत पारावर बसणारा निवडून आल्यावर गाडीची काच खाली करत नाही. नारायणरावांचे तसे झाले नाही, हे त्यांच्या शेवटच्या महिन्यांवरून दिसते.

त्यांच्या कामात एक उणीव होती, तीही सांगितली पाहिजे. त्यांच्या संघाला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, नियम नव्हते. लोक नारायणरावांवरच्या विश्वासाने येत आणि अर्जावर सही किंवा अंगठा करत. जे मालकांनी कागदावर लिहून द्यावे असा त्यांचा आग्रह होता, ते स्वतःच्या संघात लिहून ठेवायचे राहिले. आपल्याकडच्या कितीतरी दूध सोसायट्या आणि पाणीवापर संस्थांचे असेच होते. चेअरमन चांगला आहे तोवर सगळे सुरळीत, तो गेला की कुलूप. त्यांच्या माघारी संघाचे काम थंडावले आणि मजबूत कामगार संघटना उभ्या राहायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला. नारायणराव ज्या मांडवीच्या गिरणीत नोकरीला होते तोच भाग. माणसे पटापट मरू लागली तसे मुंबईतून लोक गावाकडे पळत सुटले. पैसा असलेले आधी गेले. नारायणराव राहिले, रोग्यांच्या सेवेत उतरले, आणि त्यातच प्लेग होऊन ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. वय पन्नाशीच्या आतले. टपाल खात्याने २००५ साली त्यांचे तिकीट काढले, आणि परळच्या श्रम विज्ञान संस्थेला राज्य शासनाने त्यांचे नाव दिले आहे.

ते गेल्यानंतर गिरण्यांत एक वेगळाच प्रकार घडला. कामगार इतके कमी झाले की गिरण्यांची माणसे नाक्यांवर उभी राहून मजुरांची बोली लावू लागली. इतकी वर्षे पगाराची तारीख पाळणे जमणार नाही म्हणणारे मालक आता संध्याकाळच्या संध्याकाळी रोजचे पैसे हातावर ठेवू लागले. रोग ओसरल्यावर गिरण्यांनी पुन्हा महिन्याच्या पगारावर जायचे ठरवले, तेव्हा रोजचाच पगार हवा म्हणून कामगारांनी काही गिरण्यांत संप केला.